परवडणारी मोटार आणि आलिशान मोटार

सन २०२२ च्या सप्टेंबर महिन्याचा शेवटचा आठवडा. त्या आठवड्यात भारतात विजेवर चालणाऱ्या दोन नव्या मोटारी बाजारात आल्या. २८ सप्टेंबरला टाटा मोटर्स या कंपनीने ‘टियागो ईव्ही’ ही छोटी मोटार आणली. तिची सुरुवातीची किंमत ८ लाख ४९ हजार रुपये होती. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, ‘मर्सिडीज-बेंझ ईक्यूएस ५८०’ ही आलिशान मोटार आली. ती पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यात जोडलेली होती. तिची किंमत होती १ कोटी ५५ लाख रुपये.

चाकणच्या समारंभाला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आले होते. उत्पादन वाढवा, म्हणजे किंमत उतरेल, असे त्यांनी कंपनीला सांगितले. ही गाडी आपल्यालाही परवडणारी नाही, असेही ते म्हणाले.

पहिल्या मोटारीच्या किमतीत दुसरी घ्यायची तर अठरा पट पैसे मोजावे लागत होते. मग दुसरी मोटार अठरा पट चांगली होती का? मोटार निवडताना काय पाहावे? या प्रश्नांची उत्तरे आपण हिशेब करून शोधू या.

प्रथम दोन्ही मोटारींत सारखे काय आहे ते पाहू. दोन्हींत पेट्रोलची टाकी नाही आणि धूर सोडणारी नळीही नाही. पेट्रोलच्या टाकीऐवजी मोठी बॅटरी असते आणि इंजिनाऐवजी विजेची मोटर असते. आपल्या घरातला पंखा ज्या तत्त्वावर फिरतो, त्याच तत्त्वावर ही मोटर फिरते. उतारावर किंवा वेग कमी करताना हीच मोटर उलट काम करते. ती वीज तयार करते आणि बॅटरीत थोडी भर घालते. विजेच्या मोटारींवर सरकार ५ टक्के वस्तू व सेवा कर घेते. १ ऑगस्ट २०१९ पूर्वी हा कर १२ टक्के होता. कराचा हा दर छोट्या मोटारीला आणि आलिशान मोटारीला सारखाच आहे.

आता फरक पाहू. त्यासाठी ‘युनिट’ म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. घरी येणाऱ्या वीजबिलावर हा शब्द तुम्ही वाचला असेल. शंभर वॅटचा दिवा दहा तास लावला, तर एक युनिट वीज खर्च होते. मोटारीच्या बॅटरीत किती वीज मावते, तेही युनिटमध्येच मोजतात. टियागोमध्ये दोन प्रकारच्या बॅटऱ्या मिळत होत्या. लहान बॅटरी १९.२ युनिटची आणि मोठी २४ युनिटची. ईक्यूएसची बॅटरी १०७.८ युनिटची होती.

बॅटरी एकदा पूर्ण भरली की मोटार किती दूर जाते, याची ठरावीक पद्धतीने चाचणी घेतात. अशा चाचण्या घेणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था पुण्यातच आहे. चाचणीप्रमाणे लहान बॅटरीची टियागो २५० किलोमीटर आणि मोठ्या बॅटरीची ३१५ किलोमीटर जाऊ शकत होती. ईक्यूएससाठी हा आकडा ८५७ किलोमीटर होता. म्हणजे किंमत अठरा पट, पण अंतर मात्र साडेतीन पटही नाही!

मात्र हे चाचणीतले आकडे आहेत. रस्त्यावर गर्दी असते, चढ असतात, खड्डे असतात. उन्हाळ्यात थंड हवेचे यंत्र चालू ठेवावे लागते. वेग वाढवला की वीज अधिक लागते. त्यामुळे प्रत्यक्षात मोटार त्यापेक्षा कमी अंतर जाते. म्हणून मोटार घेताना जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबून राहू नये. आपण आपल्या हिशेबासाठी मोठ्या बॅटरीची टियागो २०० किलोमीटर आणि ईक्यूएस ६०० किलोमीटर जाते असे धरू.

विजेचा दर युनिटला दहा रुपये धरला, तर टियागोची बॅटरी भरायला २४० रुपये लागतील. म्हणजे किलोमीटरला १ रुपया २० पैसे. ईक्यूएसची बॅटरी भरायला सुमारे १०८० रुपये लागतील. म्हणजे किलोमीटरला १ रुपया ८० पैसे. पेट्रोलची छोटी मोटार एका लीटरमध्ये २० किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०० रुपये लीटर आहे असे धरले, तर किलोमीटरला ५ रुपये पडतील. विजेची बचत किती मोठी आहे, हे यावरून तुमच्या लक्षात येईल. पण हा घरच्या विजेचा हिशेब झाला. रस्त्यावरील चार्जिंग केंद्रात दर बहुधा अधिक असतो.

मग आलिशान मोटारीत वरचे पैसे कशासाठी द्यायचे? त्यांच्या बदल्यात काहीच मिळत नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. मोठ्या बॅटरीमुळे पुण्याहून गोव्याला वाटेत न थांबता जाता येते. तिची मोटर फार शक्तिमान असते. थांबलेली गाडी साडेचार सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेते. आसने मऊ असतात, आत आवाज येत नाही, पुढे भलामोठा पडदा असतो. लांबचा प्रवास ज्याला नेहमी करावा लागतो आणि ज्याच्याजवळ पैसा आहे, त्याला या गोष्टींचा उपयोग आहे. पण शहराच्या गर्दीत ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने जाताना त्या वेगाचा काय उपयोग? शिवाय मोठी बॅटरी जड असते. ईक्यूएसचे वजन अडीच टनांच्या आसपास आहे. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्यालाही ते सगळे ओझे बरोबर न्यावे लागते आणि त्यासाठी वीज खर्च होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मालेगावात एक शिक्षक राहतात. घरी पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई आहे. त्यांची शाळा बारा किलोमीटर दूर आहे. जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर आणि बाजारहाटाचे सहा, असे रोज तीस किलोमीटर होतात. आईला हृदयाचा विकार आहे. तिला महिन्यातून एकदा नाशिकला डॉक्टरांकडे न्यावे लागते. मालेगाव ते नाशिक हे अंतर सुमारे १०५ किलोमीटर आहे. वाटेत चांदवडच्या अलीकडे राहूड घाट लागतो. बसच्या गर्दीत आईला त्रास होतो. म्हणून घरात मोटार घेण्याचा विचार चालला आहे. पैसे मात्र बारा वर्षे साठवलेले आहेत. निवड चुकली, तर ते पुन्हा साठवायला तेवढीच वर्षे लागतील.

मुलांना अर्थातच आलिशान मोटार आवडते. “अब्बा, चित्रातली ती मोठी गाडी किती छान आहे!” असे धाकटा म्हणतो. अब्बा हसतात आणि कागद-पेन्सिल घेऊन बसतात. ते स्वतःला तीन प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न : रोज किती जायचे आहे? तीस किलोमीटर. दोनशे किलोमीटर जाणारी मोटार त्यासाठी भरपूर आहे. पण नाशिकची फेरी २१० किलोमीटरची होते. म्हणजे परत येताना बॅटरी पुरणार नाही. डॉक्टरांकडे दोन-तीन तास जातातच. तेवढ्या वेळात जलद चार्जिंग केंद्रावर टियागोची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत सुमारे एका तासात भरते. तेव्हा दवाखान्याजवळ असे केंद्र आहे का, ते चालू असते का, हे मोटार घेण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहिले पाहिजे. रात्री-अपरात्री अचानक जावे लागले तर? जाण्यापुरती वीज असलीच पाहिजे. म्हणून रोज संध्याकाळी बॅटरी भरून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागेल.

दुसरा प्रश्न : मोटार भरायची कुठे? गीझर किंवा थंड हवेचे यंत्र ज्या जाड पिनांच्या प्लगवर चालते, त्या १५ अँपिअरच्या प्लगवर टियागोची मोठी बॅटरी भरायला साधारण पावणेनऊ तास लागतात. रात्री लावली की सकाळी तयार. तोच प्लग ईक्यूएसला लावला, तर तीस तासांहून अधिक वेळ लागेल! तिच्यासाठी घरी वेगळी, मोठ्या क्षमतेची जोडणी घ्यावी लागते. पण ज्यांच्या घराला अंगणच नाही आणि ज्यांना गाडी गल्लीत उभी करावी लागते, त्यांना छोटी मोटार भरणेही अवघड जाते. खिडकीतून वायर सोडून मोटार भरणे धोक्याचे आहे. आधी चांगल्या वायरमनकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासून घेतले पाहिजे.

तिसरा प्रश्न : पैसे कधी वसूल होतील? विजेची मोटार तशाच पेट्रोलच्या मोटारीपेक्षा महाग असते. हा फरक तीन लाख रुपये धरू. शिक्षकांची मोटार महिन्याला सुमारे १००० किलोमीटर धावेल. पेट्रोलवर ५००० रुपये लागले असते, विजेवर १२०० लागतील. महिन्याला ३८०० रुपये वाचतील, म्हणजे वर्षाला ४५,६०० रुपये. तीन लाख भरून यायला साडेसहा वर्षे लागतील. टियागोच्या बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची होती. म्हणजे हमी संपण्यापूर्वी पैसे वसूल होतील. पण हीच मोटार महिन्याला फक्त ३०० किलोमीटर धावली तर? तीन लाख भरून यायला जवळजवळ बावीस वर्षे लागतील. मोटार दारात उभी राहिली, तर बचत होत नाही. अशा घराला कधीमधी भाड्याची गाडी करणे किंवा बसने जाणेच स्वस्त पडेल.

या हिशेबावरून शिक्षकांच्या घराला छोटी मोटार पुरेशी आहे, असे दिसते. मात्र दवाखान्याजवळ चार्जिंगची सोय असली पाहिजे. ती नसेल, तर थोडी मोठी बॅटरी असलेली मध्यम किमतीची मोटार पाहावी लागेल. अठरा पट किमतीची मोटार मात्र त्यांच्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नाही.

तरीही एका गोष्टीत महाग आणि स्वस्त असा भेद करणे बरोबर नाही. ती गोष्ट म्हणजे सुरक्षितता. सन २०२२ मध्ये ईक्यूएसमध्ये नऊ एअरबॅगा होत्या आणि टियागोमध्ये दोन. अपघाताच्या वेळी क्षणात फुगून माणसाला वाचवणारी पिशवी म्हणजे एअरबॅग. श्रीमंताचा जीव आणि गरिबाचा जीव यांची किंमत वेगळी नसते. पूर्वी अशा सोयी महाग मोटारींतच मिळत. ब्रेक जोरात दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी व्यवस्था मर्सिडीजच्या महागड्या मोटारीत १९७८ साली आली. भारतात २०१९ साली ही व्यवस्था आणि चालकासाठी एअरबॅग नव्या मोटारींत सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग हवी, असा नियम २०२१ साली झाला. आलिशान मोटारीतली चांगली गोष्ट कायद्यामुळे सर्वांच्या मोटारीत आली. मोटार घेताना पडदा केवढा आहे हे नंतर पाहावे. आधी सुरक्षिततेच्या सोयी पाहाव्यात.

आणखी एक गोष्ट विसरू नये. विजेची मोटार स्वतः धूर सोडत नाही, पण तिला लागणारी वीज कुठेतरी तयार होते. आपल्या देशात बरीचशी वीज अजूनही कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र असेच आहे. म्हणून वीज जपून वापरणारी मोटारच अधिक स्वच्छ. चाचणीतल्या आकड्यांप्रमाणे शंभर किलोमीटरला टियागोला साडेसात युनिटांच्या आसपास वीज लागते आणि ईक्यूएसला साडेबारा युनिटांच्या आसपास. चाळीस-पन्नास माणसांना घेऊन जाणारी विजेवरची बस तर या दोघींपेक्षाही चांगली, कारण तिची वीज सर्वांत वाटली जाते.

मुलांनो, ‘गरज’ आणि ‘शौक’ हे दोन्ही शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचे आहेत. शौक असणे वाईट नाही. ज्याला परवडते त्याने तो करावा. पण बारा वर्षांची बचत खर्च करताना आधी गरज पाहावी लागते. मोटार असो, मोबाइल असो की लग्नाचा खर्च असो, ‘कोणती वस्तू चांगली?’ एवढेच विचारू नये. ‘कोणासाठी आणि कशासाठी?’ हेही विचारावे आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा.

त्या शिक्षकांच्या धाकट्या मुलाने शेवटी विचारले, “अब्बा, छोट्या गाडीत दादी आरामात बसेल ना?” अब्बा म्हणाले, “आधी तिलाच बसवून पाहू, मग घेऊ.”

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘टियागो ईव्ही’ ही मोटार कोणत्या तारखेला बाजारात आली?
(आ) ‘ईक्यूएस ५८०’ ही मोटार कोठे जोडली होती?
(इ) विजेच्या मोटारींवर किती टक्के वस्तू व सेवा कर आहे?

२. कारणे लिहा.
(अ) चाचणीत दाखवलेल्या अंतरापेक्षा मोटार प्रत्यक्षात कमी अंतर जाते.
(आ) शिक्षकांनी नाशिकच्या दवाखान्याजवळचे चार्जिंग केंद्र पाहणे आवश्यक होते.

३. हिशेब करा.
एका कुटुंबाची मोटार महिन्याला ५०० किलोमीटर धावते. पाठातील दर धरून पेट्रोलऐवजी विजेवर महिन्याला किती रुपये वाचतील?

४. ‘किंमत, हिशेब, खर्च, गरज, आलिशान’ हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. तुमच्या घरात एखादी महाग वस्तू घेताना कोणता विचार केला, ते आठ-दहा ओळींत लिहा.