विश्लेषण : निबंध ही शिक्षा होती की जामिनाची अट? बाल न्याय कायदा काय सांगतो?

पुण्यातील कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. एक अट होती रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. देशभर संताप उसळला.

शिक्षा की अट?

निबंध ही शिक्षा नव्हती, हे त्या गदारोळात मागे पडले. खटला सुरूही झाला नव्हता. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ नुसार गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन देणे हाच नियम आहे. सुटकेमुळे तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, असे दिसले तरच नकार देता येतो. अर्थात कायद्यात बसणारी प्रत्येक अट शोभतेच असे नाही. मृतांच्या आई-वडिलांना ती थट्टाच वाटणार. टीकेनंतर मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात धाडले. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याची सुटका केली.

प्रौढ म्हणून खटला का नाही?

दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातील अल्पवयीन दोषी तीन वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये सुटला. दोनच दिवसांनी राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. आता १६ ते १८ वयोगटातील मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. मात्र ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षे शिक्षा आहे तोच निर्घृण, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा आहे, किमान नाही. पोलिसांची बाजू इथेच लंगडी पडत होती. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्यांची मागणी फेटाळली.

इतर मुलांचे काय?

कलम १२ मोबाइल चोरताना सापडलेल्या वस्तीतल्या पोरालाही लागू आहे, तेही जामीनदार असो वा नसो. त्याच्या घरची स्थिती, शाळा, संगत यांचा अहवाल परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत मंडळाला द्यायचा असतो. पुनर्वसनाची सुरुवात त्या अहवालापासून होते.