जमिनीचा केसपेपर

नात काय शिकते असं कोणी विचारलं, की मी सांगते, "जिओ-इन्फर्मेशन आणि लँड ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये मास्टर्स." पुढचा प्रश्न ठरलेला : म्हणजे तलाठी होणार का? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. म्हणून मला जे समजलं ते लिहिते.

ती नेदरलँड्समध्ये एन्स्खेडे गावी आहे. तिथली आयटीसी ही संस्था 1950 साली निघाली, आता ती ट्वेंटे विद्यापीठाचा भाग आहे. शिक्षण दोन वर्षांचं. उपग्रहाची आणि ड्रोनची छायाचित्रं, काँप्युटरवर नकाशे, जमिनीचे कायदे, आणि शेवटी प्रबंध.

यातला पहिला भाग म्हणजे जागा नेमकी कुठे आहे. सोपं वाटतं ना? मी दुबईत लेकीकडे राहते. इथे रास अल खोर आहे, म्हणजे खाडीचं डोकं, जिथे खाडी संपते ती जागा. सुमारे 6 चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्य, 2007 पासून रामसर यादीत. नात सुट्टीत आली होती तेव्हा फ्लेमिंगो बघता बघता म्हणाली, "आजी, पाण्याची हद्द कुठे आखशील?" भरतीला आखली तर एक, ओहोटीला आखली तर दुसरी! उपग्रह त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातो. वर्षानुवर्षांची चित्रं एकावर एक ठेवली, की पाणी कुठवर येतं, तिवरं कुठे वाढली ते दिसतं. आपल्या अलिबाग-पेणकडच्या खाडीकाठच्या खारजमिनींचं दुखणं हेच आहे.

दुसरा भाग अवघड : जागा कोणाची. आपल्याकडे 33 फुटी साखळीने मोजणी व्हायची. 33 फूट लांब-रुंद तो गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. आता ड्रोन आले. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, म्हणून केंद्र सरकारने एप्रिल 2020 मध्ये स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने मोजून घरमालकाला मिळकत पत्रिका देतात. पण ड्रोनला छप्पर दिसतं, आत कोण राहतो, कोण वारला, कोण लोदला गेला, ते कसं दिसणार?

नात म्हणते, सगळी विद्या तीन चौकटींत आहे : माणूस, हक्क, जमिनीचा तुकडा. तिन्हींची सांगड बसली पाहिजे. मला हे लगेच कळलं. वॉर्डात रक्त चढवण्याआधी आम्ही दोघी नर्स मिळून पिशवी, पेशंट आणि केसपेपर ताडून बघायचो. नाव सारखं म्हणून माणूस तोच, असं धरून चालत नाही.

आणि आपल्यात तर उलटंच, माणूस एक आणि नावं तीन! मुंबईच्या सॅम्युअल स्ट्रीटला ज्यांचं नाव आहे, ज्यांनी 1796 मध्ये सिनेगॉग बांधलं, ते सॅम्युअल इझेकिएल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. आता सातबाऱ्यावर सामाजी, पासपोर्टवर सॅम्युअल, तर दोघे एकच हे सिद्ध कोण करणार? आपल्याला लागू होतो तो 1925 चा भारतीय वारसा कायदा. मृत्युपत्र नसेल आणि बायको-मुलं मागे असतील, तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना, मुलगा-मुलगी सारखं. महाराष्ट्रात वारसाने जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. दोन पिढ्या कोणी कळवलंच नाही, तर एका आंब्याच्या वाडीला वीस वारस, तेही तीन देशांत. इस्रायलमधल्या वाचकांना ताबू ठाऊक आहेच. तो शब्द मूळ तुर्की, पण आपल्या कानाला ताबाच वाटतो, नाही का?

तरी यंत्राने माणसं बाद केली असं समजू नका. आफ्रिकेतल्या रवांडात थोड्याच वर्षांत जवळपास एक कोटी तुकड्यांची नोंद झाली. आकाशातून घेतलेले फोटो मोठे छापून शेतात नेले, शेजारीपाजारी उभे केले आणि त्यांच्यासमोर हद्दी आखल्या. म्हाताऱ्यांना बांध ठाऊक असतात, त्यांना विचारलं.

नातीने मलाही वही दिली आहे. आजोबांची घरातली, गावातली, सिनेगॉगमधली सगळी नावं, कोणाची मुलगी कुठे दिली, आणि आठवेल तशी चतुःसीमा. आतापर्यंत पूर्वेची विहीर आणि दक्षिणेची पाणंद झाली. पश्चिमेला कोणाचं शेत होतं, ते अश्दोदच्या मावशीला फोन करून विचारायचं आहे. ती 91 वर्षांची आहे.