लाट्या, भेंड्या आणि आपली आवड

मराठी घर वर्षातून दोनदा भरतं, दिवाळीत आणि उन्हाळ्यात. दिवाळीचे चार दिवस अभ्यंगस्नान, फराळ आणि जाण्यायेण्यात संपतात. उन्हाळ्याचा मुक्काम मात्र ऐसपैस असतो. रब्बी घरात आलेली असते, पेरणीला मृगाची वाट पाहायची असते, आणि या मधल्या मोकळ्या दिवसांत लेकी माहेरी येतात, नातवंडं आजोळी येतात, लग्नं उरकली जातात, वर्षाची साठवण होते. शाळांची मोठी सुटीही याच दिवसांत पडते. विदर्भात ऊन उतरल्याशिवाय शाळा उघडत नाहीत, त्या जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून नागपूर-अकोल्याकडच्या मुलांना आजोळ पुण्या-साताऱ्याकडच्या मुलांपेक्षा आठ-दहा दिवस जास्त मिळतं.

या दिवसांत मराठी घरांत काय गायलं गेलं आणि काय वाजलं, हे एकत्र मांडून पाहावं असं कित्येक वर्षं मनात होतं. तसं पाहू लागलं की एक गोष्ट ठळक दिसते. उन्हाळ्यातलं जे गाणं आपल्या मनात घर करून राहिलंय, ते आपण निवडलेलं नव्हतं. कुणीतरी गात होतं, कुठेतरी वाजत होतं, आपले हात कशात तरी गुंतलेले होते आणि शेजारी मावशी, आत्या, मामेभावंडं होती. चाळीस वर्षांनी ते गाणं कानावर पडतं तेव्हा ही सगळी माणसं त्याच्यासोबत येतात.

सुरुवात खानदेशापासून करतो, कारण उन्हाळा, माहेर आणि गाणं यांची इतकी घट्ट गाठ मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे तिला आखाजी म्हणतात. पितरांच्या नावाने घागर भरायची, पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण करायचं. सालदाराचं वर्षही याच दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं, म्हणजे शेतावरच्या माणसांचाही हा विसाव्याचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराई बसवली जाते आणि झोक्यावर अहिराणी गाणी सुरू होतात. सासरच्या तक्रारी, भावाचं कौतुक, आईजवळ मोकळं केलेलं मन, सगळं त्या गाण्यांत असतं. झोका वर जाताना ओळ उचलायची आणि खाली येताना ती पूर्ण करायची. अंगाच्या हालचालीने चाल बांधलेली असल्यामुळे ती विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही.

बहिणाबाई चौधरींची आखाजीवर एक कविता आहे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या या बाईला अक्षरओळख नव्हती. घरात आणि शेतात काम करता करता त्या ओव्या रचत गेल्या, मुलाने आणि नात्यातल्या माणसांनी त्या उतरवून घेतल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. घरातल्या कुणीतरी वेळीच वही उघडली म्हणून हे धन आपल्या हाती लागलं. किती घरांत अशा बाया असतील आणि वही उघडणारं कुणी नसेल, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

जात्यावरच्या ओव्यांबाबत मात्र एक मोठं काम झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७पासून त्या गाणाऱ्या बाईच्या नावासह आणि गावासह वाचायला, ऐकायला मिळतात. न्यायला येणारा भाऊ आणि माहेरची वाट या ओव्यांत पुन्हा पुन्हा येतात. गावात पिठाची गिरणी आली आणि बायांच्या खांद्यांवरचं मोठं ओझं उतरलं. ते उतरायलाच हवं होतं. पण त्याबरोबर ओवीची बैठकही मोडली. जातं उरलं ते लग्नघरात, हळद दळण्यापुरतं. म्हणून आजच्या पन्नाशीतल्या पुष्कळांनी ओवी ऐकली ती एखाद्या मे महिन्यातल्या लग्नातच.

गाणं बाहेरून घरात येऊ लागलं ते ग्रामोफोनबरोबर. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. नाट्यपदाचा पसारा त्यात बसेना. जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्या पिढीने कवीची कविता घेऊन तिला एवढ्याच वेळेचा सुटसुटीत आकार दिला आणि भावगीत घरोघर पोचलं. पण ग्रामोफोन ही श्रीमंतांची वस्तू. आळीत एखाद्याच्याच ओसरीवर तो असे आणि बाकीच्यांनी अंगणात बसून ऐकायचं.

रेडिओने हे चित्र पालटलं. त्याला परवाना लागे, परवान्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, आणि भिंतीवरच्या फळीवर विणलेल्या रुमालाखाली तो विराजमान असे. मुलांनी हात लावायचा नाही. काय ऐकायचं हे आजोबा ठरवत आणि आजोबांसाठी आकाशवाणी ठरवत असे. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळपास हद्दपार झालं, तेव्हा लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. १९५२च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठला अमीन सायानींचा आवाज घरोघर घुमू लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ काढली. घराघरांतली ओढाताणही याच सुमाराची: आजोबांना नाट्यसंगीत हवं, काकाला गीतमाला. उन्हाळ्यात तर श्रोते दुप्पट आणि रेडिओ एकच. त्यामुळे प्रत्येकाने दुसऱ्याचंही ऐकलं. आपल्याला न आवडणारं गाणं संपूर्ण ऐकावं लागणं, हे माझ्या मते त्या रेडिओने दिलेलं सगळ्यात मोठं शिक्षण.

गीतरामायणाचं मात्र वेगळं. तिथे घरात दोन मतं नव्हती. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं; गाणाऱ्यांत स्वतः फडके, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर. दर आठवड्याला एक नवं गीत. त्या वर्षी अधिक मास होता, म्हणून पुढच्या रामनवमीपर्यंत ५६ गीतं झाली. गीत निसटलं तर पुनःप्रसारणाशिवाय इलाज नाही, म्हणून शब्द टिपायला वही-पेन्सिल घेऊन बसायचं. एकाने पहिली ओळ टिपायची, दुसऱ्याने दुसरी, मग ताळा करायचा. रेडिओला हार घालून उदबत्ती लावल्याच्या आठवणी सांगणारी माणसं आजही भेटतात. सुटीत आजोळी आलेल्या मुलांनी ती पहिली गीतं अशी ऐकली, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या मनात गीतरामायणाला एखाद्या विशिष्ट ओटीचा किंवा माजघराचा पत्ता असतो. माडगूळकरांचा जन्मही शेटफळ्याचा, म्हणजे आजोळचा. मामाच्या गावाला निघालेल्या आगीनगाडीचं गाणं त्यांच्याच लेखणीतून उतरावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ फळीवरून उतरून बायकांच्या कामात येऊन बसला. उन्हाळ्याची दुपार म्हणजे वाळवणाचा घाट. गव्हाचा चीक शिजवून कुरडया घालायच्या, सांडगे तोडायचे, साबुदाण्याच्या चिकोड्या, बटाट्याचा कीस, आणि सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे उडदाचे पापड. पीठ पापडखाराने भिजवून तेलाच्या हाताने कुटायचं, लांब वळी करून दोऱ्याने लाट्या कापायच्या. आज आमचे, उद्या तुमचे, असं ठरवून शेजारणी पोळपाट-लाटणी घेऊन यायच्या. मुलांना तेलात बुडवलेली लाटी खायला मिळायची, त्या बदल्यात गच्चीवर कावळे हाकलायचे. मधोमध ट्रान्झिस्टर. ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’, विविध भारतीची फर्माईश. रात्री ‘आपली आवड’. त्यात गाण्याआधी पत्र पाठवणाऱ्यांची नावं आणि गावं वाचली जात. लाटणी बारा हातांत आणि गाणं एक. माझ्या मावशीला आजही उडदाच्या पिठाचा वास आला की आशा भोसलेंचं एक जुनं गाणं आठवतं, आणि ते रेडिओवर लागलं की तिचे हात आपोआप लाटी फिरवल्यासारखे हलतात.

रात्र गच्चीवरची. गाद्या घातलेल्या, पाण्याचा माठ, आणि गाण्याच्या भेंड्या. या खेळाचा गौरव व्हावा तितका झालेला नाही. दोन गट, एकदा म्हटलेलं गाणं पुन्हा चालायचं नाही, ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्यायचा आणि ‘ण’ आला तर ‘न’, हे नियम घरोघर थोडेफार बदलत. ज्याच्या गटात आजी, तो गट भाग्यवान. अक्षर अडलं की ती अभंग काढे, भूपाळी काढे, मूकपटांनंतरच्या पहिल्या बोलपटांतलं एखादं पद काढे. आई पन्नाशी-साठीच्या दशकांतली गाणी आणी, धाकटा मामा किशोरकुमारची. हरायचं नसेल तर दुसऱ्या पिढीची गाणी शिकून घ्यावीच लागत.

यावर अमेरिकेत एक अभ्यास झाला आहे. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली विशीतल्या विद्यार्थ्यांना निरनिराळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या वयाची गाणी मुलांना जवळची वाटणारच. पण आईवडील तरुण असतानाची गाणीही त्यांना ओळखीची आणि प्रिय निघाली, आणि त्याच्याही आधीच्या, आजी-आजोबांच्या तारुण्याकडे बोट दाखवणाऱ्या काळातलीही. म्हणजे गाण्यांची आठवण घरातून वारशाने येते. गच्चीवर भेंड्या खेळलेल्या कुणालाही हे पटायला वेळ लागणार नाही. जन्माच्या आधीचं गाणं ऐकून डोळ्यांत पाणी येतं, कारण ते गाणारी आई तेव्हा तरुण होती.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. स्वस्त, खिशात मावणारी, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर आपल्याला हवं ते भरता येत होतं. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे फारसं पाहिलं नव्हतं ते सूर यात्रेतून, एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांतून घराघरांत आले: प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, कोळीगीतं, भीमगीतं. उन्हाळ्याच्या लग्नांचे मांडव त्यांनी दणाणून सोडले. याच काळात कितीतरी घरांत रिकाम्या कॅसेटवर आजोबांचा श्लोक, नातीची बडबड, आत्याचं नाट्यपद असं भरून ठेवलं गेलं. त्या फिती आता माळ्यावर बुरशी धरतायत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी या वर्षीच त्या डिजिटल करून घ्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लग्नातल्या गाण्यांबद्दल स्वतंत्र लेख व्हायला हवा. रायगड-ठाण्याकडच्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. आणि घरगुती मंगलाष्टकं! मामी किंवा काकू दोन्ही घरांतल्या माणसांची नावं शार्दूलविक्रीडितात बसवते, अंतरपाटाशेजारी उभं राहून गाते, आणि अक्षता पडल्या की तो कागद हरवतो. एकदाच गायल्या जाणाऱ्या या रचना कुठल्याही संग्रहात नाहीत.

आता वाळवण बाजारातून येतं. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ सुरू केलं, तेव्हापासून पापड लाटणं ही लाखमोलाची रोजीरोटी झाली. बचत गटांनी ती गावोगाव नेली. बायकांचे कष्ट पैशांत मोजले गेले, याचा मला मनापासून आनंद आहे. आजोळीही आता दोन-तीन दिवसांचाच मुक्काम होतो. अमेरिकेतली नातवंडं तर तिथल्या शाळा जूनमध्ये सुटल्यावर येतात. त्यांच्या आजोळाला आंब्याऐवजी पावसाचा वास असतो. एका खोलीत सहा भावंडं बसलेली असतात आणि सहा जणांच्या कानांत सहा गाणी असतात.

एवढं पाहिलं की मन खट्टू होतं, तरीही गेल्या काही वर्षांत मला एक नवीन गोष्ट जोमाने वाढताना दिसते आहे. लग्नाच्या आदल्या रात्रीचा ‘संगीत’ हा कार्यक्रम मराठी घरांत उत्तरेकडून आला म्हणून पुष्कळ जण नाकं मुरडतात. मी त्यांच्यात नाही. पुण्यातली चुलतबहीण, बंगळुरूचा मामेभाऊ, न्यू जर्सीतली आतेबहीण महिनाभर व्हिडिओ कॉलवर एकाच गाण्याच्या ठेक्यावर पाय टाकत असतात. त्यासाठी वेळा जुळवतात, भांडतात, चुकतात, रुसलेल्या काकाला दुसऱ्या रांगेत का होईना उभं करतात. ते गाणं त्यांच्यापैकी बहुतेकांनी निवडलेलं नसतं. कुणातरी एका थोरल्या बहिणीने ठरवलेलं असतं. सगळ्यांचं अंग एकाच लयीत हलत असतं, आखाजीच्या झोक्यावर हलत होतं तसंच. परवाच एका लग्नात साठीची मावशी भाच्यांबरोबर नाचली, ते गाणं तिला महिन्याभरापूर्वी ठाऊकही नव्हतं. आता ती स्वयंपाकघरात तेच गुणगुणते आणि भेंड्यांत ‘म’ आला की सगळ्यांच्या आधी म्हणते.