बटण बदलायला ॲडमिन लागतोच असे नाही
दिग्रस असो की आणखी कुठले तालुक्याचे गाव, तहसील, नगर परिषद किंवा बँकेत कीबोर्डची तक्रार निघाली की ‘ॲडमिनचा पासवर्ड नाही, जिल्ह्याहून माणूस येऊ द्या’ हे उत्तर ठरलेले असते. हा समज चुकीचा म्हणण्यापेक्षा शिळा म्हणावा. विंडोज एक्सपीच्या काळात मराठीसाठी लिपीच्या फायली वेगळ्या बसवाव्या लागत आणि त्याला ॲडमिनचे अधिकार लागत. विंडोज व्हिस्टापासून मराठी लिपीची सोय मुळातच आत येते. विंडोज १० किंवा ११ मध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडला तर तो फक्त तुमच्या लॉगिनपुरता जोडला जातो. कार्यालयाने ती सेटिंगच बंद केली नसेल तर कोणाचा पासवर्ड लागत नाही.

एखाद्या बटणाचे काम दुसऱ्याला द्यायचे असेल, तर खरा प्रश्न बटणाचा अर्थ कोणत्या पातळीवर बदलतो हा आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीतला ‘स्कॅनकोड मॅप’ सगळ्या यंत्राला, अगदी लॉगिनच्या पडद्यालाही लागू होतो, म्हणून तिथे ॲडमिनच हवा. ऑटोहॉटकी किंवा पॉवरटॉइजसारखे बटणे बदलणारे प्रोग्रॅम मात्र लॉगिननंतर, वापरकर्त्याच्याच अधिकारात चालू शकतात. त्यांची मर्यादाही तिथूनच येते. ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत बदललेले बटण पुन्हा जुन्यासारखे वागते. लोक याला बिघाड समजतात, पण कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमने वरच्यात ढवळाढवळ करू नये म्हणून व्हिस्टापासून मुद्दाम घातलेला हा अडसर आहे. तुटलेल्या बटणाचे काम दुसऱ्याकडे सोपवले आणि नेमके तेच अक्षर पासवर्डात असले, तर लॉगिनच्या पडद्यावर अशा प्रोग्रॅमने केलेला बदल उपयोगाचा नाही. तिथे कोपऱ्यातल्या सुलभतेच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा.

यावर संगणक विभागाचा आक्षेप रास्त असतो: अधिकार लागत नाहीत म्हणून मुभा आहे, असे कोणी सांगितले? बटणे बदलणारा प्रोग्रॅम प्रत्येक बटण आधी स्वतः वाचतो, आणि पासवर्ड चोरणाराही तेच करतो. त्यामुळे पेनड्राइव्हवरून आणलेल्या अनोळखी फाइलला कार्यालयाने हरकत घेतली तर ती आडमुठेपणाची म्हणता येणार नाही. मात्र विंडोजमध्ये आधीपासून असलेला कीबोर्ड सुरू करणे आणि बाहेरचा प्रोग्रॅम आणणे या दोन्हींना एकच ‘नाही’ लावणे चूक. खरी अडचण टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर बोटे बसलेल्यांची आहे. विंडोजमध्ये रेमिंग्टन मराठी आयते नाही, आणि बाहेरून नवा लेआउट बसवायचा तर तो यंत्रभर बसतो, म्हणजे ॲडमिन आलाच. कृतिदेव फाँट टाकून हे सुटते हाही भ्रमच. त्यात बटणे इंग्रजीच राहतात, फक्त अक्षरांचे चित्र मराठी दिसते, आणि फाँट नसलेल्या संगणकावर त्याच पत्राची निरर्थक इंग्रजी अक्षरे होतात. रेमिंग्टनवाल्यांनी युनिकोडचा रेमिंग्टन लेआउट हवा असा लेखी अर्ज द्यावा. इन्स्क्रिप्टवाल्यांना जिल्ह्याच्या माणसाची वाट पाहायचे कारण नाही.