मधाच्या दोराला गाठ नको, सांधलेला डोळा हवा

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले. याच गावाने अहिंसक मध संकलनाचाही अभ्यास केला. आग्या मोहोळातला अंडी-पिल्लांचा भाग तसाच ठेवून फक्त मधाचा भाग कापायचा, तर उंचावर दोराच्या आधाराने निवांत काम करता यायला हवं. म्हणून दोराला डोळा सांधायची विद्या आपल्या भागातल्या पोरांनी शिकावी, असं मनापासून वाटतं.

गाठीच्या वळणावर दोराची बरीच ताकद जाते. नीट सांधलेल्या डोळ्यात, म्हणजे टोकाचे पेड मूळ दोरात ओवून केलेल्या कडीत, ती जवळपास सगळी टिकते.

तीन पेडांच्या दोरासाठी कृती:

🪢 टोकाचे पेड दीड वीत उसवा, प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा.
🪢 हवा तेवढा डोळा वळवा. मधला पेड मूळ दोराच्या एका पेडाखालून, पिळाच्या आडवा ओवा.
🪢 डावा पेड शेजारच्या पेडाखालून घ्या. दोर उलटवून तिसरा पेड उरलेल्या पेडाखालून काढा. तिन्ही पेड एकाच पातळीवर, पण वेगवेगळ्या फटींतून बाहेर यायला हवेत.
🪢 पुढे प्रत्येक पेड एकावरून, एकाखालून. अंबाडीच्या दोराला 3-4 फेऱ्या पुरतात. नायलॉन निसटतं, त्याला 5-6 द्या. दर फेरीला ओढून आवळा.

⚠️ गिर्यारोहणाच्या आवरण-गाभ्याच्या दोराला ही पद्धत चालत नाही. तिथे आठाची दुहेरी गाठच मारा. स्वतः सांधलेल्या दोरावर जाणकाराने तपासल्याशिवाय कुणीही चढू नये.

सरावाला अंबाडीचा दोर घ्या आणि पहिला डोळा विहिरीच्या बादलीला लावा.