सरकारी सफाईची कंत्राटं: ऐकीव गोष्टी आणि खऱ्या अटी

हिवरे बाजारच्या गल्ल्या स्वच्छ आहेत, त्या गावकऱ्यांच्या श्रमदानामुळे. सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने १९९०च्या सुमारास गावाने जी घडी बसवायला सुरुवात केली, तिच्यात पाण्याचा ताळेबंद आला, घरोघरी शौचालय आलं आणि आपलं अंगण-रस्ता आपणच झाडायचा, ही शिस्तही आली. ही स्वच्छता कुणा ठेकेदाराने आणलेली नाही. पण याच गावापासून सोळा-सतरा किलोमीटरवर नगर शहर आहे. तिथली कार्यालयं, रुग्णालयं, बँका आणि लष्करी ठाणी यांच्या सफाईसाठी माणसं लागतात आणि ते काम बहुतेक ठिकाणी कंत्राटावर दिलं जातं. नगर तालुक्यातल्या एखाद्या तरुणाने किंवा चार-पाच बायांनी मिळून सफाईचा छोटा व्यवसाय थाटायचं ठरवलं, तर गिऱ्हाईक आहे आणि ते जवळ आहे.

मधे उभी राहते ती ऐकीव माहितीची भिंत. ‘वशिला लागतो’, ‘मोठ्या कंपन्यांचंच राज्य आहे’, ‘सगळ्यात कमी दर टाकला की काम आपलं’ अशी वाक्यं पारावर इतकी फिरतात की माणूस पहिला अर्ज भरण्याआधीच माघारी फिरतो, किंवा भलताच दर टाकून बुडतो. यातले मुख्य गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : अशी कामं निघतात कधी, ते आतल्या माणसांनाच कळतं.

वस्तुस्थिती : बहुतेक निविदा सगळ्यांना दिसतील अशा ठिकाणी असतात, आपण तिथे बघत नाही. केंद्र सरकारची खाती, लष्कर, सार्वजनिक बँका आणि उपक्रम यांची मोठी खरेदी ‘गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस’, म्हणजे ‘जेम’ या संकेतस्थळावर होते. ते ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं. राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या ई-निविदा ‘महाटेंडर्स’वर असतात. केंद्राच्या इतर निविदांसाठी केंद्रीय खरेदी पोर्टल आहे आणि रेल्वेचं स्वतःचं वेगळं पोर्टल आहे. निविदा वाचायला लॉगिन लागत नाही, ते भरताना लागतं.

खरी मेख शोधशब्दात आहे. ‘सफाई’ एवढंच टाकून शोधलं तर निम्मी कामं निसटतात. तेच काम कुठे हाउसकीपिंग, कुठे फॅसिलिटी मॅनेजमेंट, कुठे मॅनपॉवर आउटसोर्सिंग आणि लष्करी ठाण्यांत कॉन्झर्व्हन्सी या नावाने निघतं. नगरमध्ये आर्मर्ड कोअर सेंटर, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र, वाहन संशोधनाची व्हीआरडीई ही संस्था आणि भिंगारचं कॅन्टोन्मेंट आहे, म्हणून हा शेवटचा शब्द इथल्या माणसाने लक्षात ठेवलाच पाहिजे.

शिवाय लहान रकमेची कामं ई-निविदेपर्यंत जातही नाहीत. कार्यालयं त्यांच्यासाठी दरपत्रकं मागवतात आणि सूचना फलकावर लावतात. बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्थांना ठरावीक मर्यादेपर्यंतची कामं विनानिविदा देण्याचीही राज्यात व्यवस्था आहे. जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्रातली काम वाटप समिती ती वाटते आणि त्यांत साफसफाईची कामं असतात. पाच-दहा जण एकत्र येणार असतील, तर पहिली चौकशी तिथे करावी.

गैरसमज २ : नोंदणीलाच दहा-वीस हजार जातात.

वस्तुस्थिती : १ जुलै २०२०पासून सुरू झालेली सूक्ष्म-लघु उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. जेमवर विक्रेता म्हणून नोंदणी करायलाही शुल्क नाही, आणि ऑगस्ट २०२४पासून १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर व्यवहार शुल्कही नाही. सरकारी वाटावीत अशी नावं घेतलेली खासगी संकेतस्थळं उद्यम प्रमाणपत्रासाठी पैसे उकळतात, ते टाळता येतं. खर्च येतो तो महाटेंडर्ससाठी लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीचा आणि सीएच्या फीचा. कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल, तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते.

बचत गटाच्या महिलांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. नुसत्या गटाच्या नावावर कंत्राट घेणं अवघड जातं. निविदा भरणारी संस्था कायद्याने नोंदलेली असावी लागते. एकीच्या नावावर मालकी व्यवसाय, भागीदारी किंवा सहकारी संस्था यांपैकी काय सोयीचं, ते सुरुवातीलाच ठरवावं.

गैरसमज ३ : उद्यम प्रमाणपत्र असलं की अनामत, अनुभव, उलाढाल सगळंच माफ.

वस्तुस्थिती : अर्धवट खरं, म्हणून जास्त घातक. केंद्र सरकारच्या २०१२च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा किमान २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. निविदा संच मोफत मिळतो आणि अर्जासोबत भरायची बयाणा रक्कम माफ होते. पण काम मिळाल्यावर भरायची सुरक्षा अनामत माफ होत नाही. अनुभव आणि उलाढालीत सूट द्यायची की नाही, हे खरेदी करणारं कार्यालय ठरवतं. महापालिका, जिल्हा परिषद किंवा राज्याचं खातं असेल, तर त्यांच्या निविदेत काय लिहिलंय तेच खरं.

सूट आहे की नाही, हे शोधायला जेमवरच्या निविदेचं पीडीएफ उघडा. पहिल्या पानावर हिंदी-इंग्रजीत एक तक्ता असतो. त्यात निविदेची शेवटची तारीख, किमान सरासरी वार्षिक उलाढाल, किती वर्षांचा अनुभव हवा आणि लघुउद्योगांना या दोन्हींतून सूट आहे का, याचं ‘येस’ किंवा ‘नो’ असं उत्तर असतं. त्याखाली बयाणा, सुरक्षा अनामत, कामाचं ठिकाण आणि माणसांची संख्या येते. ‘नो’ दिसलं आणि आपली उलाढाल कमी असली, तर ती निविदा तिथेच मिटावी. ‘येस’ असेल, तर पुढची पानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचावीत. खरेदीदाराने जोडलेल्या जादा अटी आणि नंतर निघणारी शुद्धिपत्रकं यांतच बहुतेक अर्ज बाद होतात.

गैरसमज ४ : नवख्याला आणि लहानाला कुणी उभं करत नाही.

वस्तुस्थिती : सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या हणमंतराव गायकवाडांनी १९९७ मध्ये मोजक्या माणसांना घेऊन हाउसकीपिंगचं काम सुरू केलं. त्यांची भारत विकास ग्रुप ही कंपनी पुढे संसद भवनाच्या स्वच्छतेपर्यंत पोचली. पुण्यात तर कचरा वेचणाऱ्या बायांनीच रस्ता काढला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून २००७ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार थेट पुणे महापालिकेशी केला. ज्यांच्या हाती ना भांडवल होतं ना शिक्षण, त्यांनी संघटनेच्या बळावर महापालिकेसमोर बसून अटी ठरवल्या.

प्रत्येकाला इतकं मोठं व्हायचं नसतं. पण पहिली पायरी सगळ्यांना सारखीच आहे आणि ती म्हणजे अनुभवाचं प्रमाणपत्र. खासगी दवाखाना, शाळा, मंगल कार्यालय, पतसंस्था यांचं काम करा. करार लेखी घ्या, पैसे बँकेतून घ्या, आणि वर्ष सरलं की कामाचा कालावधी, रक्कम आणि ‘समाधानकारक’ हा शेरा असलेलं प्रमाणपत्र मागून घ्या. खासगी कामाचा अनुभव चालतो की सरकारीच हवा, हे निविदेत लिहिलेलं असतं. तोंडी व्यवहारात केलेलं दहा वर्षांचं काम निविदेत शून्य धरलं जातं.

गैरसमज ५ : दर पाडला की काम आपलं.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. आकडा मांडून पाहू. समजा, एका कामगाराची महिन्याची मजुरी १५,००० रुपये आहे. प्रत्यक्षात आपल्या परिमंडळाचं चालू किमान वेतन बघूनच आकडा घ्यायचा. त्यावर मालकाचा भविष्य निर्वाह निधी (पीएफ) व त्याचे आकार मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. कामगार विम्याची वर्गणी (ईएसआयसी) ३.२५ टक्के, म्हणजे ४८८. बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०. बेरीज झाली १८,६८८. फिनेल, पोछे, गणवेश, यंत्रं आणि साप्ताहिक सुट्टीला लागणारा बदली कामगार यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

आता कुणी काम पटकावण्यासाठी माणशी १७,००० दर टाकला. दहा कामगार असतील, तर महिन्याला १६,८८० रुपयांची आणि वर्षाला दोन लाखांहून जास्त खोट आली. ती भरून निघते ती कामगाराच्या पगारातून. हजेरी कमी लावली जाते, पीएफ बुडवला जातो, खात्यात पूर्ण पगार भरून निम्मा रोख परत घेतला जातो. हे सगळे गुन्हे आहेत. पहाटे दुसऱ्याची घाण काढायला उठलेल्या बाईच्या तोंडचा घास काढून मिळवलेलं कंत्राट हा धंदाच नव्हे.

शिवाय कायदेशीर देण्यांपेक्षा कमी दर सहसा बादच होतो. दर फार कमी वाटला, तर कार्यालय दर पृथक्करण, म्हणजे दराची फोड, मागतं. केंद्राच्या मनुष्यबळाच्या निविदांत तर २०२३पासून सेवाशुल्काला ३.८५ टक्क्यांचा तळ ठरलेला आहे. म्हणजे स्पर्धा मजुरीवर होऊच नये, अशी योजना आहे. आपल्या उदाहरणात हे शुल्क माणशी साधारण ७२० रुपये, दहा माणसांचे महिन्याला ७,२०० होतात. नफा इतका बारीक असतो, म्हणून कुठे कमी-जास्त करता येईल ते सामान, यंत्र आणि कामाच्या आखणीत शोधायचं. यापूर्वीचा दर काय होता, ते जुन्या निविदांच्या निकालात दिसतं. नाही दिसलं, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करता येतो.

गैरसमज ६ : माझ्याकडे चारच माणसं, मला पीएफ-ईएसआयसी कशाला?

वस्तुस्थिती : कायद्याने पीएफ २० आणि ईएसआयसी १० कामगारांपासून लागू होतो, हे बरोबर. पण बहुतेक निविदा दोन्ही नोंदणी क्रमांक आधीच मागतात, कारण ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मूळ कार्यालयावर येते. म्हणूनच दर महिन्याच्या बिलासोबत हजेरीपट, बँकेतून पगार दिल्याचा पुरावा आणि दोन्ही चलनं जोडावी लागतात. एक चलन राहिलं की बिल टेबलावरून हलत नाही.

गैरसमज ७ : सफाईला जीएसटी लागत नाही.

वस्तुस्थिती : काम कुणाचं आणि कसलं, यावर ते ठरतं. ग्रामपंचायत किंवा महापालिकेसाठी रस्तेसफाई, घनकचरा अशा त्यांच्या वैधानिक कामात निव्वळ सेवा दिली, तर ती करमुक्त आहे. बँकेच्या शाखेचं किंवा सरकारी कंपनीच्या कार्यालयाचं हाउसकीपिंग असेल, तर १८ टक्के कर लागतो. दर करासह मागितलाय की कराविना, हे न वाचता आकडा टाकला, तर सगळा नफा करात जातो. दर टाकण्याआधी सीएला निविदा दाखवा.

गैरसमज ८ : इमारतीची सफाई घेतली की गटार, सेप्टिक टँकही आपल्याकडेच.

वस्तुस्थिती : २०१३च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. साहेबांनी तोंडी सांगितलं तरी हे काम यंत्राकडूनच करून घ्यायचं, आणि तसं लेखी कळवायचं.

गैरसमज ९ : कार्यादेश हातात आला की पैसा सुरू.

वस्तुस्थिती : आधी आपला पैसा सुरू होतो. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो, बिल निघालेलं असो वा नसो. वरच्या उदाहरणात दहा माणसांचा महिन्याचा खर्च १,८६,८८० रुपये आहे. बिल तीन महिने लांबलं, तर साडेपाच लाखांवर रक्कम अडकते. बिलातून आयकर कापला जातो, आणि जीएसटी लागू असलेलं कंत्राट अडीच लाखांवरचं असेल तर २ टक्के जीएसटीही कापला जातो. ही रक्कम विवरणपत्र भरल्यावर जमा दिसते, पण हातात लगेच येत नाही.

कायदा मात्र लहानाच्या बाजूने आहे. २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. हा हक्क हवा असेल, तर उद्यम नोंदणी करार होण्याआधीची असावी.

मग सुरुवात कुठून?

ज्या कामाचा तीन महिन्यांचा पगार आपण पदरचा देऊ शकतो, तेवढंच काम पहिल्यांदा घ्यावं. चार माणसांचं झेपत असेल, तर चारांचंच. या आठवड्यात उद्यम नोंदणी करा, बँकेत व्यवसायाचं वेगळं खातं उघडा आणि नगर परिसरातल्या पाच जुन्या निविदा निकालासह वाचून काढा. अर्ज त्यानंतर.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. म्हणजे सफाईवर खर्च करणारी सार्वजनिक तिजोरी आता शहरापुरती राहिलेली नाही. हा पैसा दूरच्या दलालाकडे जाण्याऐवजी त्याच तालुक्यातल्या, कामगाराला पूर्ण पगार देणाऱ्या लहान व्यावसायिकाकडे यावा, असं मला मनापासून वाटतं. हिवरे बाजारने सफाईच्या कामाला मान मिळवून दिला. त्या मानाला पूर्ण मजुरीची जोड देणं आता नव्या ठेकेदारांच्या हाती आहे, आणि त्याची सुरुवात निविदेतल्या दराच्या रकान्यात खरा आकडा लिहिण्यापासून होते.