गाभ टिकत नाही? वळूच्या नोंदीतही कारण सापडू शकते

गाय तपासून डॉक्टरांनी तीन महिन्यांची गाभण असल्याचे सांगितले आणि पुढच्या महिन्यात तीच गाय पुन्हा माजावर आली, असे अनेक गोठ्यांत घडते. टाकलेला गर्भ कुठे दिसत नाही, गाईला ताप नसतो, चारा-पाणी नीट चालू असते. अशा वेळी खनिज मिश्रणाची कमतरता, गर्भाशयाचा दाह, उष्णतेचा ताण ही कारणे शोधली जातात आणि बहुतेक वेळा कारण त्यांतच सापडते. मात्र काही गोठ्यांत दोष गाईच्या आहारात नसतो, आजारातही नसतो. तो गाईच्या आणि वळूच्या रक्तात, म्हणजे जनुकांत असतो आणि दोघांची गाठ पडल्यावरच बाहेर येतो. होल्स्टिन फ्रिजियन (एचएफ) आणि एचएफ संकरित गाई पाळणाऱ्यांनी हे कारण समजून घेणे गरजेचे आहे, कारण त्यावरचा उपाय जवळपास फुकट आहे.

लपलेला दोष कसा चालत येतो?

प्रत्येक वासराला एका जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वळूकडून. काही दोष असे असतात की एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम सांभाळून घेते. असे जनावर दिसायला, दुधाला, वाढीला पूर्ण चांगले असते. त्याला त्या दोषाचे ‘वाहक’ म्हणतात. वाहक वळू आणि वाहक गाय यांचा संयोग झाला, तर दर चार गर्भांपैकी सरासरी एका गर्भात दोन्ही प्रती बिघडलेल्या येतात. दोष जीवघेणा असेल तर तो गर्भ पोटातच मरतो. उरलेल्या तिघांपैकी दोन वासरे वाहक आणि एक निर्दोष निघते.

वाहक गाईला निर्दोष वळूची रेतमात्रा दिली तर या दोषामुळे एकही गर्भ मरत नाही. म्हणजे वाहक गाय विकण्याची गरज नसते. वळू बदलला की प्रश्न सुटतो.

एका वळूची गोष्ट

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १९६२ मध्ये पॉनी फार्म अर्लिंडा चीफ नावाचा एचएफ वळू जन्मला. त्याच्या मुली भरपूर दूध देत, म्हणून कृत्रिम रेतनातून त्याचा प्रचंड वापर झाला. त्याला १६ हजारांहून अधिक मुली, सुमारे ५ लाख नाती आणि २० लाखांहून अधिक पणत्या झाल्या. अमेरिकेतील एचएफ गाईंच्या एकूण जनुकसंचात सुमारे १४ टक्के वाटा या एका वळूचा असल्याचे संशोधकांनी मोजले आहे.

चीफच्या एका जनुकात बिघाड होता आणि तो कोणालाच माहीत नव्हता. या जनुकाचे नाव एपाफ-१. गर्भाची वाढ होत असताना गरज संपलेल्या पेशी वेळेवर मराव्या लागतात, नाहीतर मेंदू आणि मज्जासंस्था नीट घडत नाही. ते काम या जनुकाकडे असते. दोन्ही प्रती बिघडलेला गर्भ साधारण ६० ते २०० दिवसांच्या दरम्यान मरतो. चीफच्या मुली-नातींना त्याच्याच मुलाची-नातवाची रेतमात्रा मिळू लागली, तसे गर्भ मरू लागले. जगभरात या एका बिघाडामुळे ५ लाखांच्या वर गर्भपात झाले आणि सुमारे ४२ कोटी डॉलरचे नुकसान झाले, असा अंदाज आहे.

हा दोष सापडला कसा, तेही पाहण्यासारखे आहे. मेलेला गर्भ तपासून तो सापडला नाही. २०११ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी हजारो जिवंत एचएफ जनावरांची जनुकीय माहिती पडताळली. गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा आईकडून किंवा वडिलांकडून, असा एकाच बाजूने आलेली जनावरे पुष्कळ होती. हिशोबाने पाहता तोच तुकडा दोन्ही बाजूंनी आलेली काही जनावरे तरी दिसायला हवी होती. एकही दिसले नाही. याचा अर्थ ती जन्मालाच येत नव्हती. पुढे त्या तुकड्यातील नेमका बिघाड शोधला गेला आणि वळूची डीएनए चाचणी शक्य झाली. याच पद्धतीने एचएफमधील असे आणखी दोष सापडले. त्यांपैकी काहींत गर्भ ६० दिवसांच्या आतच मरतो, म्हणजे पशुपालकाला गाय फक्त ‘उलटली’ असे वाटते.

चीफ वाईट वळू होता, असा निष्कर्ष मात्र काढू नये. त्याच्यामुळे वाढलेल्या दुधाची किंमत या नुकसानीच्या कित्येक पट आहे. चूक एकाच रक्ताचा पुन्हा पुन्हा मेळ घालण्यात झाली.

दुसरे उदाहरण ‘ब्लॅड’ या दोषाचे आहे. तो ऑसबॉर्नडेल आयव्हन्हो या वळूपासून त्याचा वंशज कार्लिन-एम आयव्हन्हो बेल याच्यामार्फत जगभर गेला. यात वासरू जन्मते, पण पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जंतूंपर्यंत पोहोचू शकत नाहीत. सतत हगवण, न्यूमोनिया, तोंडात जखमा, न भरणारे घाव अशी लक्षणे दिसतात आणि बहुतेक वासरे लहान वयातच मरतात. १९९२ मध्ये बिघाड सापडला, त्या वेळी अमेरिकेतील तपासलेल्या नामांकित वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक निघाले.

आपल्या गोठ्यातील धोका कोणत्या पिढीत?

देशी गाईला एचएफची रेतमात्रा दिल्यावर होणाऱ्या पहिल्या संकरित पिढीत हे एचएफचे दोष उघडे पडत नाहीत, कारण देशी आईकडून त्या जनुकाची चांगली प्रत मिळालेली असते. वळू वाहक असेल तर निम्म्या कालवडी वाहक होतात, एवढेच. खरा धोका पुढच्या पिढीपासून सुरू होतो. त्याच कालवडीला पुन्हा त्याच वळूची किंवा त्याच्या भावाची रेतमात्रा मिळाली, तर बिघडलेल्या दोन प्रती एकत्र येऊ शकतात. पिढ्यानपिढ्या एचएफचे रक्त वाढवत नेलेल्या गोठ्यात वळूचे नाते तपासणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे ठरते.

गावात नैसर्गिक रेतनासाठी एकच वळू असेल तर ही वेळ लवकर येते. चांगली वाढलेली संकरित कालवड दीड वर्षाच्या आसपास माजावर येते. म्हणजे वळू आल्यापासून अडीच वर्षांत त्याच्या स्वतःच्या मुली त्याच्यासमोर उभ्या राहतात. बाप-मुलीच्या संयोगातील वासरात सगोत्र प्रजननाचे प्रमाण २५ टक्के, तर सावत्र बहीण-भावाच्या संयोगात १२.५ टक्के असते. जीवघेणा दोष नसला तरी अशा वासरांची वाढ, रोगप्रतिकारशक्ती आणि पुढे दूध व प्रजनन कमी पडते. गावचा वळू दोन-अडीच वर्षांनी दूरच्या गावाशी अदलाबदल करावा.

जनुकीय कारणाचा संशय कधी घ्यावा?

एकच गाय सलग चार-पाच वेळा उलटत असेल, तर जनुकीय दोष हे कारण असण्याची शक्यता फार कमी असते. दोन्ही बाजू वाहक असल्या तरी प्रत्येक वेळी चारांत तीन गर्भ वाचतात. सलग तीन वेळा गर्भ मरण्याची शक्यता ६४ मध्ये एक एवढीच येते. अशा गाईत माज ओळखण्यातील किंवा रेतनाच्या वेळेतील चूक, गर्भाशयाचा दाह, बीजांडाचे विकार आणि खनिजांची कमतरता हीच कारणे आधी तपासावीत.

संशय घ्यावा तो एका गाईवरून नव्हे, गोठ्यातील चित्रावरून. एकाच वळूच्या दोन-तीन मुलींमध्ये गाभण तपासणीनंतर गाभ गेला, त्यांना भरवलेला वळूही एकच होता आणि त्याच काळात दुसऱ्या वळूपासून भरलेल्या गाई ठीक राहिल्या, तर पशुवैद्यकाला तसे सांगावे.

त्याआधी ब्रुसेलोसिसची तपासणी मात्र टाळू नये. पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकणे, वार अडकणे हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे आणि हा आजार माणसालाही होतो. टाकलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांना खाऊ देऊ नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नमुना घेऊन बाकीचे चुना टाकून खोल पुरावे. ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस टोचून घ्यावी.

कांडी फेकण्याआधी

आपल्या गोठ्यांत गाईच्या दुधाचा हिशोब रोज लिहिला जातो, पण तिचा बाप कोण, हे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर ‘एचएफ’ एवढेच मिळते. रेतमात्रेच्या कांडीवर वळूचा क्रमांक, जात, वीर्य केंद्राची खूण आणि तारीख छापलेली असते. रेतन झाल्यावर तीच कांडी उकिरड्यात जाते. फेकण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढावा. नोंदवहीत गाईचा १२ अंकी कानातील बिल्ला, रेतनाची तारीख आणि वळूचा क्रमांक एका ओळीत लिहावा. ‘भारत पशुधन’ प्रणालीत नोंद होत असली तरी घरची वही ठेवावी. कालवड झाली की तिच्या पानावर बापाचा क्रमांक लिहावा. ती माजावर आल्यावर डॉक्टरांना तो आधी सांगावा आणि वेगळ्या रक्ताची कांडी मागावी.

क्रमांक वेगळा म्हणजे रक्त वेगळे, असे मात्र नाही. दोन वेगळे वळू एकाच बापाचे मुलगे असू शकतात. म्हणून शक्य असेल तेथे वळूच्या बापाचा क्रमांकही विचारावा. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या भागात वापरात असलेल्या वळूंची बापासह यादी करून ठेवली, तर रेतन करणाऱ्याला जागेवरच निर्णय घेता येतो.

आपल्याकडील वीर्य केंद्रांसाठीच्या केंद्र सरकारच्या मानकांत वळूंची ब्लॅड, सिट्रुलिनिमिया, डम्प्स आणि फॅक्टर-११ कमतरता या दोषांसाठी तपासणी ठरवून दिलेली आहे. डम्प्समध्ये गर्भ ४० व्या दिवसाच्या सुमारास मरतो. मान्यताप्राप्त केंद्राचीच रेतमात्रा घेण्याचे हे एक ठोस कारण आहे. स्वस्तात मिळणारी, खूण नसलेली कांडी नाकारावी. तरीही कोणत्याही यादीत सगळे दोष येत नाहीत. नवे सापडतच असतात, त्यामुळे चाचणी झालेल्या वळूचीही रेतमात्रा त्याच्या मुलीला देऊ नये.

वराहपालनात हेच नुकसान गुपचूप होते

गाईच्या पोटात एक गर्भ असतो, तो गेला की गाय रिकामी होते आणि पशुपालकाच्या लक्षात येते. डुकरिणीच्या पोटात दहा-बारा गर्भ असतात. त्यांतील दोन-तीन मेले तरी ती वेळेवर विते. फक्त पिल्ले कमी दिसतात, आणि दोष तिच्या खाद्याला दिला जातो. आपल्याच कळपातील नर राखून बहिणींवर सोडण्याची पद्धत लहान वराहपालनात सर्रास आहे. तेथे पिल्लांची संख्या हळूहळू घटत गेल्यास आधी नर कोणाचा, ते पाहावे.

पिएट्रेन आणि लँडरेस या युरोपीय जातींत पातळ चरबीच्या, भरपूर मांसाच्या जनावरांची निवड करताना हॅलोथेन जनुक नकळत वाढले. त्याच्या दोन प्रती असलेले डुक्कर वाहतुकीच्या किंवा मारामारीच्या ताणाने अंग ताठून, ताप चढून अचानक मरते. कत्तलीनंतर मांस फिके, मऊ आणि पाणी सुटणारे निघते. १९९१ मध्ये बिघाड नेमका सापडल्यावर डीएनए चाचणीने तो अनेक कळपांतून काढता आला. या जातींचा नर आणताना विक्रेत्याकडे या चाचणीचा अहवाल मागावा. पिल्लांच्या कानाला जन्मानंतर लगेच खुणा करून वेतवार वही ठेवावी आणि प्रजननासाठीचा नर दुसऱ्या कळपातूनच घ्यावा.